भावाच्या पत्रातलं मी न वाचलेलं

आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच झाला, माझा धाकटा भाऊ. तो समुद्रातच राहिला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्याच्याबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. घरातल्या नातवंडांना असा कोणी आजोबा होता हेही धड ठाऊक नाही. पण डोळे अधू होत चालले आहेत, आणि ही गोष्ट मनात वागवायचा आता मला शीण येतो. लिहून टाकावी आणि मोकळं व्हावं, असं वाटतं. मोकळं होता येणार नाही, हेही माहीत आहे.

कापसाच्या तेजीबद्दल हल्ली लोक जे बोलतात ते ऐकून मला आधी हसू येतं आणि मग चीड येते. म्हणे बैलांच्या शिंगांना सोन्याच्या शेंब्या होत्या, गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा होत्या. मी अमरावती ते अकोला त्या रस्त्यानं पाच वर्षं गाड्यांबरोबर चाललो. मला लोखंडाच्याच धावा दिसल्या, त्याही चिखलात रुतलेल्या. धूळ, बैलांचे सोललेले खांदे आणि गाडीवानांच्या शिव्या, एवढंच माझ्या वाट्याला आलं. चांदी कोणाच्या चाकाला लागली असेल तर तो गृहस्थ दुसऱ्या रस्त्यानं जात असावा.

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर, पेढी नदीच्या अंगाला आमचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर आणि बांधानं झेंडू. वडील लवकर वारले. घरात माय, मी, माझी बायको, आमची लहान मुलं, धाकटा भाऊ आणि पुढे त्याची बायको. तिला आम्ही घरात धाकटीच म्हणत असू, इथेही तसंच म्हणतो.

माळ्याच्या घरात एक सवय दुधाबरोबर मिळते, ती म्हणजे पाणी मारण्याची. भाजी खुडली की ओल्या फडक्याखाली ठेवायची, बाजारात मांडली की घटकेघटकेला हातानं पाणी शिंपडायचं. त्यात लबाडी नाही. पाणी मारलं नाही तर मेथी दुपारपर्यंत मान टाकते. माझा हात त्यात लहानपणापासून बसला होता. पान ताजं दिसावं पण थेंब गळू नये, इतकंच पाणी मी मारायचो. माय इतर बायकांना माझा हात कौतुकानं दाखवायची.

तेवढ्यात तिकडे अमेरिकेत कुठेतरी लोक आपसात लढायला लागले आणि विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ही बातमी आमच्यापर्यंत बातमी म्हणून आलीच नाही, भाव म्हणून आली. ज्यानं त्यानं कापूस पेरला. आम्हीही मिरचीचे बरेचसे वाफे मोडले आणि अर्ध्या मळ्यात कापूस लावला. पहिला कापूस निघाला, ओसरीवर ढीग घातला, बाजाराला न्यायची सकाळ झाली, आणि मी नेहमीसारखा बादली घेऊन उठलो आणि ढिगावर पाणी शिंपडलं. मनात काही नव्हतं. बाजाराला माल न्यायचा तर पाणी मारायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं.

भाऊ दारात उभा राहून पोट धरून हसला. "दादा, कापूस का मेथी हाये? तू तं त्याले बी पाणी मारून राहिला!"

मीही हसलो. पण माल वजनाला चढला तेव्हा घेणाऱ्याला काही कळलं नाही. अकोल्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुनीम तिथे उभा होता, त्याला मात्र कळलं. त्यानं ढिगात हात घातला, काढला, बोटं एकमेकांवर घासली, आणि मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता मार खातो. तो म्हणाला, "बावा, हात चांगला बसला हाये तुहा. आमच्याकडे येतं काय?"

अशानं मी अकोल्याला गेलो. त्या व्यापाऱ्याच्या आवारात कापूस दाबून गठाणी बांधायचं लोखंडी यंत्र होतं. सरकी काढलेला कापूस तिथे यायचा, मी तो जमिनीवर पसरायचो, कडुनिंबाच्या डहाळीनं त्यावर पाणी शिंपायचो, उलथायचो, थोडं थांबून परत शिंपायचो. हाताला ओल लागता कामा नये पण वजनाच्या काट्याला लागली पाहिजे, एवढंच माझं काम. दुसऱ्या आवारांत कापसात दगड घालत, माती घालत, सरकी घालत. आम्ही नुसतं पाणी घालतो म्हणून स्वतःला सज्जन समजत होतो. मला हे वाईट आहे असं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण मला कळायला पाहिजे होतं. माळ्याच्या पोराला उकिरडा ठाऊक असतो. ओला पाला दाबून ठेवला की आठ दिवसांनी आत हात घालवत नाही, इतका तो तापतो. ते ज्ञान माझ्यापाशी होतं आणि मी ते मळ्यातच ठेवून अकोल्याला आलो होतो.

भाऊ माझ्यामागोमाग आला. गठाणी उचलायला तसा माणूस मिळाला नसता. तो एका जागी बसणारा नव्हता, हसायला लागला की आवार दणाणून जायचं. पाणी हा त्याचा जीव. आमच्या भागात कोणाच्या विहिरीत बादली पडली, हंडा पडला की लोक गळ शोधत बसत नसत, सरळ त्याला बोलवायचे. तो उडी घ्यायचा आणि तळाशी जाऊन इतका वेळ राहायचा की वर उभ्या असलेल्या बायका ओरडायला लागायच्या. वर आला की म्हणायचा, खाली डोळे उघडे ठेवले तर सगळं हिरवं दिसतं, तुम्ही लोक उगाच घाबरता. माय रागवायची, पण मनातून तिला त्याचा अभिमान होता. "पाणी त्याले ओळखते," असं ती म्हणायची.

त्याचं लग्न लहानपणीच झालं होतं. धाकटी नांदायला आली तेव्हा सोळा वर्षांची असेल. आमच्यात भासऱ्याचा मान फार. धाकट्या भावाची बायको नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर येत नाही, आली तर डोक्यावरून पदर ओढून, आणि त्याच्याशी थेट बोलत तर मुळीच नाही. काही सांगायचं असलं तर ती माझ्या बायकोला सांगायची, आणि मी समोरच बसलेलो असलो तरी माझी बायको मला तेच पुन्हा सांगायची. यात कोणाला काही गमतीचं वाटत नसे. माझ्याशी ती बोलली नाही तरी तिचं हसणं मला ऐकू यायचं. भाऊ अकोल्याहून आला की स्वयंपाकघरातून ते ऐकू यायचं, तो गेला की थांबायचं.

तेजीच्या तिसऱ्या हंगामात भाऊ गाड्यांबरोबर मुंबईला गेला. आगगाडी अजून आमच्याकडे आली नव्हती. खानदेशापर्यंत बैल आणि पुढे रेल्वे. महिन्याभरात परत यायचा होता, तो आला नाही. मुंबईच्या धक्क्यावर माल चढवताना एका जहाजाच्या तांडेलाचं, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचं, काही अवजार पाण्यात पडलं, यानं उडी घेऊन ते काढून दिलं. त्या दिवसांत जहाजं भरपूर आणि माणसं कमी. तांडेलानं त्याला तिथल्या तिथे खलाशी म्हणून ठेवून घेतला. हे सगळं आम्हाला त्याच्या पत्रातून कळलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं मोडी पत्र, होळीनंतर पंधरा दिवसांनी मुनिमाच्या माणसाबरोबर अमरावतीला पोचलं. मी तेव्हा घरी आलो होतो. घरात वाचता येणारा मी एकटाच.

माय जात्यापाशी बसली होती, बायको तिच्या बाजूला, धाकटी दाराआड. मी मोठ्यानं वाचायला लागलो. मी खुशाल आहे, मायनं काळजी करू नये, जहाज विलायतेस जात आहे, कापूस उतरवून परत येण्यास वर्ष लागेल, आल्यावर घरी बसून मळा करीन. मधेच एक मजकूर आला आणि माझी जीभ आपोआप त्यावरून पुढे गेली. तो मजकूर असा होता:

"दादास सांगणे की, माझे काम जहाजाच्या पोटात आहे. बाहेर समुद्र डोक्याच्या वर असतो आणि मी खाली, विहिरीत असल्यासारखे वाटते. आपल्या शेठजींची खूण असलेल्या गठाणी तिथेच रचल्या आहेत. दादाच्या हातचे पाणी इथवर आले. हात लावला तर गठाणी कोमट लागतात. पाठ टेकली की बरी ऊब मिळते."

त्यानं थट्टेनं लिहिलं होतं. मला वाचता वाचता उकिरडा आठवला. पत्र येईपर्यंत जहाज सुटून गेलेलं होतं, कोणाला काही कळवायची सोय नव्हती. मी शेवटचे आशीर्वाद वाचले, पत्राची घडी घातली आणि मळ्यात निघून गेलो.

त्यानंतर माय ते पत्र वारंवार वाचायला लावायची. मी दर वेळी तेवढं गाळूनच वाचायचो. एकदा माझी बायको मला म्हणाली, "धाकटी इचारून राहिली, मधातच एका जागी मोठे थांबतेत थे काहून?" मी म्हटलं, तिथे शाई पुसट आहे. बायकोनं तसं आत जाऊन सांगितलं. पुढच्या वेळेपासून मी न थांबता वाचायला शिकलो.

वैशाख संपता संपता मी अकोल्याच्या आवारात होतो. मुनीम मुंबईहून आला आणि त्यानं मला यंत्रामागे बोलावलं. दुसऱ्या एका जहाजाच्या लोकांनी मुंबईत सांगितलं होतं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, दूरवर त्यांना धूर दिसला. जवळ जायला त्यांना दोन घटका लागल्या. तोवर जहाज खाली गेलं होतं, वर नुसत्या काळ्या पडलेल्या गठाणी तरंगत होत्या. एकही माणूस मिळाला नाही. आग वरून लागली नव्हती, आतून लागली होती. मुनीम माझ्याकडे न पाहता बोलत होता. "ओला माल होता म्हणतेत," तो म्हणाला, आणि मग, "तू काही बोलू नको, मी बी बोलत नाई. आता भेसळीचा कायदा आला हाये."

मी मुनिमावर धावून गेलो. त्याची गचांडी धरली आणि सोडून दिली. त्याला मारून काय होणार होतं? पाणी माझ्या हातानं घातलं होतं. आमच्याच गठाणींनी पेट घेतला, की दुसऱ्या कोणाच्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. जहाजात हजार गठाणी असतील. ही समजूत मी स्वतःला पुष्कळ वर्षं घातली. पण कोमट कोणत्या होत्या, हे भावानं लिहून ठेवलं होतं.

मी तसाच अमरावतीला निघालो. सगळा रस्ता मी ठरवत होतो, गेल्या गेल्या मायच्या पायांवर डोकं ठेवून सांगायचं. मळ्यात पोचलो तेव्हा ती मिरच्या तोडत होती. मला पाहून उठली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "जहाज पोचलं काय रे?"

मी म्हणालो, "वारा फिरला म्हणतेत. दुसऱ्या बंदराले लागलं."

इतकंच बोललो. ती आनंदली, परत मिरच्या तोडायला लागली. वांग्यांच्या वाफ्याजवळ धाकटी पाठमोरी उभी होती. तिनं पदर ओढला आणि वाकून पाणी वळवायला लागली. खोटं बोलणं किती सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते रोज खायला मागतं हे पुढे कळलं. जहाज दुरुस्तीला लागलं आहे, मग दुसऱ्या जहाजावर त्याला काम मिळालं आहे, मग चीनकडे गेला आहे. चीन कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. समुद्र ओलांडला म्हणून जातीत कुरकुर झाली, तर माय म्हणाली, येऊ तर द्या, जातीला जेवण घालू.

अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळले. व्यापाऱ्यानं आवार बंद केलं, मी मळ्यात परत आलो. कापूस उपटून परत मिरची लावली. बडनेऱ्याला आगगाडी सुरू झाली. लोक तमाशाला जावं तसे गाडी पाहायला जात. माय भाजीची टोपली घेऊन जायची, पण भाजी विकायला नव्हे. ही गाडी मुंबईहून येते एवढं तिनं कोणाकडून तरी ऐकलं होतं. उतरणाऱ्या माणसांची तोंडं पाहत ती उभी राहायची आणि सुकलेली भाजी घेऊन परत यायची. मी तिला अडवलं नाही. काय सांगून अडवणार?

भाऊ गेल्याच्या तिसऱ्या वर्षी धाकटीचा बाप आला. आमच्यात पाट लागतो. नवरा मेला तर बाईला दुसरं घर करता येतं, त्यात कमीपणा नाही. अकोटकडचा एक माणूस होता, बायको वारलेली, पदरी एक मूल, स्वतःचा संत्र्यांचा बाग, दारू नाही, काही नाही. धाकटीच्या बापानं जातीतली दोन जाणती माणसं बरोबर आणली होती. अंगणात सगळे बसले. बाप हात जोडून मला म्हणाला, "पाव्हणे, तुमी कर्ते. माहा जावाई हाये का नाई, एवढं सांगा. असन तं पोरगी जलमभर वाट पाह्यन. नसन तं तिचा इचार करू द्या."

माझी बायको आतून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "धाकटी म्हणते, खरं काय थे सांगा म्हणा. जे असन थे."

माय भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी त्या जाणत्या माणसांना म्हणालो, "जिवंत हाये. मुंबईहून निरोप आला."

बाप उठला. जाताना त्यानं मलाच आशीर्वाद दिला. अकोटच्या माणसानं त्याच वर्षी दुसरीकडे पाट लावला.

असं का बोललो, याची कारणं मी पुष्कळदा मांडून पाहिली आहेत. मायला ते सोसलं नसतं, हे एक. पाणी मारणं आता गुन्हा झाला होता, ही भीती दुसरी. पण आणखी एक आहे, आणि ते लिहिताना माझी मला शिसारी येते. धाकटीसारखं मळ्यात कोणी राबत नव्हतं. मोट ती हाकायची, वाफे ती बांधायची, माझी बायको दुखणाईत. ती गेली असती तर मळा बसला असता. अंगणात बसून तोंड उघडण्याआधी हा विचार माझ्या मनात येऊन गेला. क्षणभरच आला, पण आला.

वर्षं गेली. तिच्या बरोबरीच्या पोरींना लेकरं झाली, त्यांची लग्नं ठरायला लागली. ती सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला जायची आणि लवकर परत यायची. मी मनातल्या मनात तिच्याशी शंभर वेळा बोललो असेन. प्रत्यक्षात भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं, आणि ही रीत माझ्या फार सोयीची होती. दर वर्षी रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर जाऊन कोणाला कळू न देता त्याच्या नावानं तिळाचं पाणी सोडायचो. विहिरीत डोकावून पाहायची मला हिंमत होत नसे.

माय अकराव्या वर्षी गेली. शेवटचे तीन दिवस तिची वाचा गेली होती, पण डोळे दाराकडे होते. मला वाटलं होतं की ती गेल्यावर मी बोलेन. तीही गेली, आणि मी बोललो नाही. गप्प राहायची सवय झाली की कारण लागत नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा जातीतली माणसं म्हणाली, आता त्याचं क्रियाकर्म करून टाका. शरीर मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. नारळाचं डोकं, पानांचे हातपाय, तो कापडात गुंडाळून नदीवर नेऊन जाळतात, मग सुतक आणि पुढचं सगळं. गुरुजी सकाळी घरी आले, ओसरीवर पाटावर बसले आणि लागणाऱ्या वस्तू सांगायला लागले. मी लिहून घेत होतो. धाकटी दाराआड होती. माझी बायको चुलीपाशी.

गुरुजी म्हणाले, "श्राद्धाला पुढे तिथी लागेल. गेल्याची तिथी कोणाला ठाऊक नाही. तेव्हा अमावस्या धरू, किंवा घर सोडल्याची तिथी."

मला तेवढंच सहन झालं नाही. एवढं सगळं मी त्याचं काढून घेतलं होतं, तिथी तरी त्याची त्याला असू दे, असं वाटलं असावं. खरं तर काही वाटायला वेळच नव्हता. मी म्हणालो, "चैत्र शुद्ध दशमी. दुपार."

गुरुजींनी मान वर केली. "हे कसं कळलं?"

मग मी सांगितलं. गुरुजींकडे पाहून सांगितलं, पण ते कोणाला सांगत होतो हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. पाणी, मुनीम, धूर, आणि बारा वर्षं. सांगायला फार वेळ लागला नाही.

धाकटी दाराआडून बाहेर आली. ओसरीवर, परक्या पुरुषासमोर, भासऱ्यासमोर, ती येऊन माझ्या पुढ्यात उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तिनं तोंड झाकलं नव्हतं. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. कपाळावर, डोळ्यांखाली बारीक रेघा पडल्या होत्या. उन्हानं रापून चेहरा काळवंडला होता.

"थे पत्र आना," ती म्हणाली.

मी आणलं. घड्यांवर फाटलं होतं. मी पहिल्यापासून वाचलं, आणि त्या जागी आल्यावर तेही वाचलं. कोमट गठाणी, पाठीला ऊब, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माहा बाप आलता, तवा ठाऊक होतं तुमाले?"

"होतं."

नांदायला आल्यापासून ती माझ्याशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं. ती रडेल, शाप देईल, अंगावर धावून येईल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर यातलं काहीतरी व्हावं असंही वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी तवा वीस वर्साची होती."

मग ती गुरुजींकडे वळली आणि पळसाची पानं किती लागतील ते विचारून टोपली घेऊन निघाली. पानं तिनं स्वतः तोडून आणली. नारळ तिनं निवडला. दुसऱ्या दिवशी नदीवर मी त्याला अग्नी दिला, आणि इकडे घरी बायकांनी तिचं कुंकू पुसलं. हे बारा वर्षांपूर्वी झालं असतं तर सहा महिन्यांत ते कुंकू दुसऱ्याच्या नावानं परत लागलं असतं.

आता त्यालाही तिसाच्या वर वर्षं झाली. माझी बायको गेली. धाकटीचा बाप कधीच गेला, भावांनी तिला नेलं नाही, आणि पाटाचं वय मीच घालवलं होतं. मी एकदाच तिच्याकडे क्षमा मागितली. ती शेंगा फोडत होती, म्हणाली, "आता त्याचं काय करू?" आणि फोडत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. ती मला वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. जे लागेल ते विचारते.

माझे दात पडले आहेत. आज सकाळी तिनं भाकर दुधात कुस्करून माझ्या हातात वाटी दिली आणि मला नीट दिसत नाही म्हणून चमचा कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. शेजारचे लोक तिच्याकडे पाहून मला म्हणतात, मोठे भाग्यवान तुम्ही, भासऱ्याचं इतकं करणारी बाई कोणाच्या घरात मिळते? मी मान हलवतो. तिला जायला एकही घर मी उरू दिलं नाही, म्हणून ती या घरात आहे.